बंडखोर, चाचे आणि युद्धकैदी

एकाच राष्ट्रातील माणसे एकमेकांवर शस्त्र उगारतात तेव्हा त्या झगड्याला आपण मराठीत 'यादवी' म्हणतो. हा शब्द उच्चारताना त्यामागची कथा बहुधा आपल्या मनात नसते. महाभारताच्या मौसल पर्वात ती आली आहे. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत बसलेल्या यादववीरांत वाद पेटला तो राज्यावरून किंवा धनावरून नाही. होऊन गेलेल्या भारतीय युद्धात अधिक मोठा अधर्म कोणी केला, या प्रश्नावरून तो पेटला. सात्यकी कृतवर्म्याला म्हणाला, निजलेल्या माणसांच्या कत्तलीत सामील होणारा तू कसला क्षत्रिय! कृतवर्म्याने उलट विचारले, हात तुटल्यावर प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याचे मस्तक कोणी उडवले होते? सात्यकीने तलवार उपसली आणि कृतवर्म्याचे शिर धडावेगळे केले. मग किनाऱ्यावरच्या एरका गवताची मुसळे झाली आणि सारे कुळ संपले. युद्धाला तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती. छत्तीस वर्षे ते दोघे एकाच द्वारकेत नांदत होते. तरीही तो हिशेब पुरा झालेला नव्हता.

परक्या राष्ट्राशी युद्ध जुंपले म्हणजे समोरच्याला काय म्हणावे असा प्रश्न पडत नाही. तो शत्रू असतो आणि शत्रू या नात्याने त्याला काही हक्कही असतात. तो पकडला गेला तर कैदी होतो, त्याला अन्नवस्त्र द्यावे लागते आणि तह झाला की तो आपल्या घरी जातो. रणांगणावर त्याने आपली माणसे मारली म्हणून त्याच्यावर कोणी खुनाचा खटला भरीत नाही. यादवीत मात्र पहिली झुंज लागते ती नावाची. राजधानी ज्याच्या हाती असते तो समोरच्याला बंडखोर म्हणतो, लुटारू म्हणतो, समुद्रावर भेटला तर चाचा म्हणतो. समोरचा स्वतःला सैनिक म्हणवितो आणि राजधानीतल्याला जुलमी. ही केवळ शिवीगाळ असती तर तिकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु वीस-बावीस वर्षे सरकारी कागद हाताळल्यावर मला एक गोष्ट कळून चुकली आहे. फायलीच्या शिरोभागी 'विषय' म्हणून जे चार शब्द पडतात, त्यांवरून ती कोणत्या खात्याकडे जाणार, तिला कोणता कायदा लागणार आणि तिच्यात ज्याचे नाव आहे त्याचे पुढे काय होणार, हे निम्मे ठरून जाते. 'बंडखोर' असे लिहिले की फाइल न्यायाधीशाकडे जाते आणि तेथून फासाकडे. 'युद्धकैदी' असे लिहिले की ती अदलाबदलीच्या यादीत जाते. माणूस मात्र तोच असतो.

हे कसे घडते याचा सर्वांत सविस्तर पुरावा अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ या काळातील यादवीने मागे ठेवला आहे. त्या युद्धाशी आपला संबंध अगदीच दूरचा नव्हता. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. त्या कापसाने मुंबईत जी संपत्ती ओतली आणि १८६५ मध्ये शेअरबाजाराचा जो बोजवारा उडविला, ती कथा परिचित आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी जो स्वार्थत्याग केला त्याचे स्मरण म्हणून. पण आज मला त्या युद्धाच्या कारणांविषयी वा फळांविषयी बोलायचे नाही. त्यात कोणाला काय म्हटले गेले आणि त्या नावापायी कोणाचे काय झाले, एवढ्यापुरतेच बोलायचे आहे.

दक्षिण कॅरोलिना हे संस्थान १८६० च्या डिसेंबरात संघराज्यातून बाहेर पडले. एकामागून एक अशी अकरा संस्थाने फुटली. त्यांनी मॉन्टगोमेरी येथे आपले सरकार थाटले, जेफर्सन डेव्हिस यांना अध्यक्ष केले आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा डागल्या. तीन दिवसांनी लिंकन यांनी ७५,००० स्वयंसैनिक बोलाविले. त्या जाहीरनाम्यात 'युद्ध' हा शब्द नाही, शत्रुराष्ट्राचा उल्लेख नाही. काही लोकांनी जमाव करून कायद्याचा अंमल रोखला आहे आणि नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने त्यांचा बंदोबस्त होत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. लिंकन हे वकील होते आणि हे शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. संस्थानाला फुटून निघताच येत नाही, हा त्यांचा सारा पक्ष. मग जे निघूच शकत नाही त्याच्याशी युद्ध कसे करणार? म्हणून लढणारे लाखो असले तरी ते प्रत्येकी एकेक गुन्हेगार.

ही भूमिका चार दिवस टिकली. डेव्हिस यांनी १७ एप्रिल रोजी खासगी गलबतांना परवाने देण्याचे जाहीर केले. या परवान्यावर उत्तरेची व्यापारी जहाजे पकडता यावीत, असा हेतू. याला उत्तर म्हणून १९ एप्रिल रोजी लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. त्याच जाहीरनाम्यात त्यांनी बजाविले की या तथाकथित परवान्याच्या आधारे जो कोणी जहाज लुटील त्याला चाचेगिरीचा कायदा लागू होईल. चाचेगिरीला शिक्षा मृत्यूची. म्हणजे एकाच कागदात दोन परस्परविरोधी गोष्टी आल्या. स्वतःची बंदरे सरकार बंद करू शकते; नाकेबंदी मात्र दुसऱ्याच्या बंदरांचीच करावयाची असते आणि ती युद्धातच करता येते. इंग्लंडने हे ताबडतोब हेरले. १३ मे रोजी व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने तटस्थता जाहीर करून दक्षिणेला युद्धमान पक्ष मानले. वॉशिंग्टनमध्ये संतापाची लाट उसळली. आम्ही ज्यांना गुन्हेगार म्हणतो त्यांना तुम्ही पक्ष म्हणता? लंडनचे म्हणणे थोडक्यात असे की तुम्हीच नाकेबंदी केलीत, आता तिला अर्थ द्या.

चाचा कोणाला म्हणावे, हा वाद आपल्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे. कान्होजी आंगरे इंग्रजांच्या कागदांत चाचे आहेत आणि छत्रपतींच्या दप्तरात सरखेल. परंतु आंगऱ्यांना पकडणे इंग्रजांना कधी साधले नाही, त्यामुळे त्या नावाची कसोटी लागली नाही. अमेरिकेत ती दीड महिन्यातच लागली.

'सॅव्हाना' नावाचे एक लहानसे गलबत जूनच्या आरंभी चार्ल्स्टनहून निघाले. त्याने साखर भरलेले एक जहाज पकडले आणि त्याच दिवशी आणखी एका व्यापारी जहाजाचा पाठलाग मांडला. जवळ गेल्यावर ते जहाज उत्तरेचे लढाऊ जहाज निघाले. कप्तान बेकर आणि त्याचे खलाशी बेड्यांत न्यूयॉर्कला आले. दुसरे प्रकरण अधिक विलक्षण आहे. 'जेफ डेव्हिस' या गलबताने 'एन्चांट्रेस' हे जहाज पकडले आणि ते बंदरात नेण्यासाठी स्मिथ नावाच्या नाविकाला चार माणसांसह त्यावर बसविले. जहाजावरचा आचारी जॅकब गॅरिक हा कृष्णवर्णी होता. त्याला तेवढा ठेवून घेण्यात आला, कारण चार्ल्स्टनला तो विकला जाणार होता. वाटेत उत्तरेचे लढाऊ जहाज आडवे आले आणि स्मिथने साळसूदपणे खोटी नावे सांगितली. तोच गॅरिकने समुद्रात उडी घेतली आणि ओरडून सांगितले की हे जहाज पकडलेले आहे, आम्हांला चार्ल्स्टनला नेत आहेत. स्मिथ आणि त्याचे साथीदार फिलाडेल्फियाच्या तुरुंगात गेले.

दोन्ही खटले ऑक्टोबर १८६१ मध्ये उभे राहिले. न्यूयॉर्कला आरोपींच्या वकिलांचा प्रश्न साधा होता. जमिनीवर बंदूक घेऊन लढणाऱ्या हजारो दक्षिणी शिपायांना तुम्ही पकडता आणि कैदी म्हणून ठेवता. तेच निशाण लावून पाण्यावर लढणारा तेवढा चाचा कसा? पंचांचे एकमत झाले नाही. फिलाडेल्फियाला मात्र स्मिथ आणि त्याचे साथीदार दोषी ठरले आणि फाशी अटळ दिसू लागली.

मग रिचमंडहून उत्तर आले. जुलैतील बुल रनच्या लढाईत उत्तरेचे हजाराहून अधिक लोक दक्षिणेच्या हाती लागले होते. त्यांत अल्फ्रेड ईली नावाचे न्यूयॉर्कचे एक लोकप्रतिनिधीही होते. लढाई पाहण्यासाठी म्हणून ते गेले आणि कैद झाले. युद्धमंत्री ज्यूडा बेंजामिन यांनी हुकूम काढला की स्मिथच्या बदली सर्वांत वरच्या हुद्द्याचा एक कैदी चिठ्ठी टाकून निवडावा, त्याला अट्टल गुन्हेगाराच्या कोठडीत ठेवावे आणि स्मिथची जी गत होईल तीच त्याची करावी. 'सॅव्हाना'वरील माणसांच्या बदली आणखी तेरा. नोव्हेंबरातील एका दिवशी रिचमंडच्या तंबाखूच्या वखारीत कैदी अधिकारी गोळा करण्यात आले. डब्यात कर्नलांची नावे टाकली आणि चिठ्ठी काढण्याचे काम नेमके ईली यांच्यावर आले. निघालेले नाव कर्नल मायकेल कॉर्कोरन यांचे होते. हे आयरिश गृहस्थ न्यूयॉर्कच्या ६९ व्या पलटणीचे प्रमुख. वर्षभरापूर्वी इंग्लंडचे युवराज न्यूयॉर्कला आले असता त्यांच्यासमोर आपली पलटण संचलनास नेण्याचे यांनी साफ नाकारले होते आणि त्यापायी लष्करी चौकशी ओढवून घेतली होती. अशा माणसाचा गळा आता एका गलबतवाल्याच्या गळ्याशी बांधला गेला. उरलेल्या तेरांत, बोस्टनच्या स्वातंत्र्ययुद्धातील प्रसिद्ध पॉल रिव्हिअर यांचा नातूही होता.

कॉर्कोरनच्या नातलगांनी, आयरिश वस्त्यांनी आणि वर्तमानपत्रांनी जो गदारोळ केला असेल त्याची कल्पना करता येते. तत्त्व तसेच राहिले, परंतु तत्त्वाची अंमलबजावणी थांबली. १८६२ च्या आरंभी वॉशिंग्टनने ते सारे 'चाचे' दिवाणी तुरुंगातून काढून लष्करी कैदेत हलविले आणि पुढे यथावकाश त्यांची अदलाबदल झाली. दक्षिणेला राष्ट्र म्हणून मान्यता दिली गेली नाही. चाचेगिरीचा जाहीरनामाही मागे घेतला गेला नाही. फायलीवरचा 'विषय' तोच राहिला आणि फाइल मात्र दुसऱ्या खात्याकडे गेली! अशा युक्त्या आमच्याकडेही चालतात. पण चौदा गळे वाचविणारी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

जुलै १८६२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीचा रीतसर करार झाला. तो दोन सरकारांमध्ये झाला असे म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून त्यावर दोन सेनापतींनी सह्या केल्या, उत्तरेच्या डिक्स यांनी आणि दक्षिणेच्या हिल यांनी. त्यात मोबदल्याचे कोष्टक आहे. एका कर्नलाला पंधरा शिपाई, मुख्य सेनापतीला साठ. नमुना म्हणून इंग्लंडशी १८१३ मध्ये झालेला करार समोर ठेवला होता. म्हणजे परकीय शत्रूचाच मसुदा बंडखोरांना लागू झाला.

नाकेबंदीचा प्रश्न १८६३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर निकालात निघाला. जहाजांच्या मालकांचे म्हणणे असे की काँग्रेसने युद्ध जाहीरच केलेले नव्हते, तर आमचा माल युद्धलूट म्हणून जप्त कसा झाला? पाच विरुद्ध चार मतांनी मालक हरले. न्यायमूर्ती ग्रिअर यांनी बहुमताच्या वतीने लिहिले त्याचा आशय असा की यादवी कधी डंका पिटून येत नाही. ती ज्या रूपाने उभी राहते त्याच रूपाने तिला सामोरे जावे लागते, काँग्रेस तिचे नामकरण करीपर्यंत अध्यक्षांना थांबता येत नाही. शिवाय सरकारला दोन्ही हक्क आहेत. समोरच्याला शत्रूही मानता येते आणि राजद्रोहीही. विरुद्ध मत न्यायमूर्ती नेल्सन यांनी लिहिले. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. फिलाडेल्फियाला स्मिथचा खटला ग्रिअर यांच्यापुढे चालला होता आणि न्यूयॉर्कला 'सॅव्हाना'चा खटला नेल्सन यांच्यापुढे. दोघांनी तो प्रश्न माणसांच्या चेहऱ्यांसह पाहिला होता आणि तरी दोघे दोन टोकांना गेले.

या साऱ्या गोंधळाला नियमांत बसविण्याचे काम ज्याच्याकडे आले तो माणूस त्या कामासाठीच जन्मला होता की काय असे वाटावे. फ्रान्सिस लीबर हे मूळचे बर्लिनचे. १८१५ मध्ये नेपोलियनच्या अखेरच्या मोहिमेत प्रशियाच्या सैन्यात असताना नामूर येथे ते प्राणांतिक जखमी झाले होते. पुढे अमेरिकेत येऊन दक्षिण कॅरोलिनाच्या महाविद्यालयात त्यांनी वीस वर्षे अध्यापन केले. त्या काळात त्यांच्या घरी गुलामही होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. नंतर ते न्यूयॉर्कला कोलंबियात गेले. यादवी सुरू झाली तेव्हा त्यांचा थोरला मुलगा ऑस्कर दक्षिणेच्या सैन्यात होता, दुसरे दोघे उत्तरेच्या. १८६२ मध्ये हॅमिल्टनचा हात फोर्ट डोनेल्सनला गेला आणि त्याच वर्षी ऑस्कर लढाईतील जखमांनी मेला. आपला एक मुलगा बंडखोर म्हणून मेला की सैनिक म्हणून, या प्रश्नाचे उत्तर ज्याला शास्त्रीय भाषेत लिहावयाचे होते त्याच्या टेबलाची मला कित्येकदा आठवण होते.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये सेनापती हॅलेक यांनी लीबर यांना विचारले की साध्या शेतकऱ्याच्या वेषात पूल उडविणाऱ्या, पहारेकऱ्यांना गोळ्या घालणाऱ्या गनिमी टोळ्यांना काय म्हणावे? दक्षिण म्हणते की ते आमचे सैनिक आहेत. हॅलेक यांनी स्वतः मिझूरीत असताना अशांना लुटारू आणि खुनी मानून फाशी देण्याचा हुकूम काढला होता. लीबर यांनी उत्तर दिले ते भेद करणारे होते. ज्यांना गणवेष आहे, वरिष्ठ आहे, जे मुख्य सैन्याचा भाग म्हणून दूरवर छापे घालतात, त्यांना कैद्याचा हक्क आहे. जे दिवसा नांगर धरतात आणि रात्री बंदूक, त्यांना नाही. पुढे २४ एप्रिल १८६३ रोजी '१०० क्रमांकाचा सामान्य हुकूम' म्हणून जे १५७ कलमांचे नियम प्रसिद्ध झाले, ते मुख्यतः लीबर यांचे. त्यांच्या अखेरच्या भागात एक वाक्यसमूह आहे, ज्यावर माझ्या मते सारी इमारत उभी आहे. बंडखोरांना माणुसकीखातर युद्धाचे नियम लावले म्हणून त्यांचे सरकार मान्य केले असे होत नाही. जे कॉर्कोरनच्या प्रकरणात लाजत-काजत घडले होते ते येथे उघडपणे नियम झाले. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील तिसऱ्या समान कलमाच्या शेवटी हीच सोय केलेली आढळते: अंतर्गत संघर्षात माणुसकीचे किमान नियम पाळल्याने पक्षांच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही.

नियम झाले, परंतु मिझूरी आणि कॅन्सासच्या सीमेवर ते कोणी वाचले नाहीत. तेथे युद्धाच्या आधीपासूनच रक्त सांडत होते. कॅन्सासच्या बाजूने सिनेटर लेन यांच्या लोकांनी १८६१ मध्ये ओसिओला हे गाव जाळले. मिझूरीच्या बाजूने क्वांट्रिलची टोळी होती. त्याला दक्षिणेची रीतसर सनद होती की नव्हती, यावर इतिहासकार अजून भांडतात. दक्षिणेलाही अशी माणसे हवी होती आणि नकोशीही होती. १८६२ मध्ये रिचमंडने अशा टोळ्यांना कायद्याने सैनिकांचा दर्जा दिला आणि सेनापती ली यांच्यासारख्यांच्या तक्रारींनंतर १८६४ मध्ये तो कायदा रद्द केला. ऑगस्ट १८६३ मध्ये कॅन्सास सिटीत एक इमारत कोसळली. तीत या टोळीवाल्यांच्या बहिणी आणि नातलग स्त्रिया उत्तरेने कैद करून ठेविल्या होत्या. त्यांतील काही मेल्या. टोळीवाले म्हणाले, शिपायांनी मुद्दाम पाया पोखरला. अधिकारी म्हणाले, अपघात. आठवड्याभरात, २१ ऑगस्ट रोजी, क्वांट्रिलचे सुमारे ४०० स्वार लॉरेन्स गावात शिरले आणि त्यांनी दीडशेच्या आसपास पुरुष व मुलगे मारले, बहुतेक निःशस्त्र. चार दिवसांनी सेनापती यूइंग यांनी ११ व्या क्रमांकाचा हुकूम काढून मिझूरीच्या सीमेवरील जिल्हे रिकामे करविले. हजारो कुटुंबांची घरे जळाली. याचा निषेध करणारे चित्र ज्याने काढले तो बिंगहॅम दक्षिणेचा नव्हता, तो कट्टर संघवादी होता. आणि कोसळलेली इमारत त्याच्याच कुटुंबाच्या मालकीची होती! दोष कोणत्या वर्षापासून मोजावयाचा, यावर सारे अवलंबून होते आणि प्रत्येकजण आपल्या सोयीच्या वर्षापासून मोजीत होता.

आतापर्यंत आपण पाहिले ते असे की उत्तर दक्षिणेला बंडखोर म्हणते आणि दक्षिण तडफडून म्हणते, आम्ही सैनिक आहोत, आम्हांला युद्धाचे नियम लावा. आता तोच शब्द दक्षिणेच्या तोंडी ऐकावयाचा आहे. १८६३ पासून उत्तरेने कृष्णवर्णी माणसे सैन्यात घेण्यास मोठ्या प्रमाणावर आरंभ केला. युद्ध संपेपर्यंत ती संख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली. त्यांतील बरेचजण काल-परवापर्यंत गुलाम होते. २३ डिसेंबर १८६२ च्या जाहीरनाम्यात जेफर्सन डेव्हिस यांनी सांगितले की शस्त्रासह सापडलेले गुलाम हे कैदी नव्हेत, त्यांना त्या त्या संस्थानाच्या स्वाधीन करावे आणि तेथील कायद्याप्रमाणे त्यांचा निकाल लावावा. गुलामांच्या बंडाला त्या कायद्यांत मृत्यूची शिक्षा होती. पुढच्या मे महिन्यात दक्षिणेच्या काँग्रेसने त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही बंडाला चिथावणी देणारे गुन्हेगार ठरविले. ज्या सरकारने आपल्या चौदा गलबतवाल्यांसाठी चौदा अधिकाऱ्यांचे गळे पणाला लावले होते आणि परवाना आणि गणवेष असला की माणूस गुन्हेगार होत नाही असे जगाला बजाविले होते, त्याच सरकारने गणवेषातील शिपायाला 'बंडखोर' म्हटले.

लीबर यांच्या नियमांत रंगावरून कैद्यांत भेद करता येत नाही असे स्पष्ट कलम होते. ३० जुलै १८६३ रोजी लिंकन यांनी हुकूम काढला की नियम मोडून मारलेल्या प्रत्येक शिपायामागे एका दक्षिणी कैद्याला देहान्त, आणि गुलामगिरीत ढकललेल्या प्रत्येकामागे एकाला सक्तमजुरी. बेंजामिन यांनी कॉर्कोरनबाबत वापरले तेच हत्यार. पण ते म्यानातच राहिले.

१२ एप्रिल १८६४ रोजी मिसिसिपीच्या काठी, टेनेसीतील फोर्ट पिलो हा किल्ला फॉरेस्ट यांच्या घोडदळाने घेतला. आत सुमारे ६०० माणसे होती, त्यांतील निम्मी कृष्णवर्णी. गोऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मेले आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश. हे प्रमाणच बोलके आहे. परंतु दोष कोणाचा हा वाद त्याच आठवड्यात सुरू झाला. काँग्रेसच्या समितीतर्फे वेड आणि गूच हे दोघे रुग्णालयात जाऊन जखमींच्या जबान्या घेऊन आले. मे महिन्यात त्यांचा अहवाल छापून देशभर वाटला गेला. त्यात शरण आलेल्यांना मारल्याच्या जबान्या होत्या. जिवंत पुरल्याच्या आणि जाळल्याच्याही होत्या. दक्षिणेने या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवर बोट ठेवले आणि संपूर्ण अहवाल प्रचारकी थोतांड ठरविला. किल्ल्याचे निशाण उतरलेच नव्हते, शिपाई दारू प्यालेले होते, नदीकडे पळतानाही गोळ्या झाडीत होते, असे त्यांचे सांगणे. जे निश्चित होते त्याला जे अनिश्चित होते त्याची जोड दिल्यामुळे निश्चिताचेही बळ गेले. समितीने थोडा संयम दाखविला असता तर पुढच्या शंभर वर्षांचा पुष्कळसा वाद वाचला असता, असे मला वाटते. कारण त्या दिवशी किल्ल्यात शिरलेल्या एका दक्षिणी सार्जंटाने दोन-तीन दिवसांतच बहिणीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. कृष्णवर्णी शिपाई गुडघे टेकून दयेची याचना करीत होते आणि त्यांना उठवून गोळ्या घातल्या गेल्या, असे तो लिहितो. आपण काहींना थांबविण्याचा प्रयत्न केला, असेही लिहितो. शत्रूच्या समितीसाठी त्याने हे लिहिले नव्हते.

लिंकन यांनी बाल्टिमोरच्या भाषणात सांगितले की आधी सत्य शोधू आणि मग बदला घेऊ. मे महिन्यात मंत्रिमंडळात चर्चा झाली, मंत्र्यांनी लेखी मते दिली. कोणीही फाशी गेला नाही. लिंकन यांना निरपराध कैद्याला दुसऱ्याच्या अपराधासाठी मारणे जमले नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. परंतु हेही खरे की स्मिथच्या गळ्यासाठी कॉर्कोरन होता; फोर्ट पिलोच्या शिपायांसाठी कोणी नव्हते.

याच गाठीपाशी अदलाबदलीचा करार मोडला. कृष्णवर्णी कैद्यांना दक्षिण वगळते म्हणून उत्तरेने १८६३ मध्ये सर्वसाधारण अदलाबदल थांबविली. ऑक्टोबर १८६४ मध्ये ली यांनी ग्रँट यांना लिहिले की अलीकडच्या लढायांतील कैदी माणसामागे माणूस असे बदलू या. ग्रँट यांनी विचारले, कृष्णवर्णी शिपाईही इतरांप्रमाणे परत मिळतील काय? ली यांचे उत्तर असे की आमच्या नागरिकांच्या मालकीचे जे निग्रो आहेत ते अदलाबदलीचा विषय होऊ शकत नाहीत. ग्रँट यांनी नकार दिला. तो नकार स्वस्त नव्हता. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या उघड्या कोंडवाड्यात त्या वर्षी उत्तरेचे हजारो कैदी भूक आणि अतिसाराने मरत होते. एकंदर सुमारे ४५,००० पैकी जवळजवळ १३,००० तेथे मेले. युद्धानंतर तेथील अधिकारी हेन्री विर्झ यांना १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी देण्यात आली. दक्षिणेचे लोक म्हणत, आमच्याच शिपायांना अन्न नव्हते, ग्रँट यांनी कैदी बदलले असते तर कोणी मेले नसते. उत्तरेचे म्हणत, तुम्ही सर्व शिपायांना शिपाई म्हटले असते तर अदलाबदल थांबलीच नसती. मला या दोहोंत दुसरे म्हणणे सत्याला अधिक धरून दिसते. परंतु त्या कोंडवाड्यात खितपत पडलेल्यांना हा युक्तिवाद कसा वाटला असेल हे सांगणे कठीण आहे. कित्येकांनी तेथूनच लिंकन यांना शिव्याही घातल्या.

युद्ध संपले. जेफर्सन डेव्हिस पकडले गेले, त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला, आणि खटला कधीच चालला नाही. रिचमंडच्या पंचांनी त्यांना निर्दोष ठरविले असते तर चार वर्षांच्या रक्तपाताने ठरलेली गोष्ट बारा माणसांनी उलटविली असती, ही धास्ती सरकारला होती. १८६८ च्या नाताळात अध्यक्ष जॉन्सन यांनी सर्वांना माफी दिली आणि १८६९ च्या फेब्रुवारीत ते प्रकरण बंद झाले. दक्षिणेचे उपाध्यक्ष स्टीफन्स यांनी तोवर आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला होता. त्यांनी त्या युद्धाला 'संस्थानासंस्थानांमधील युद्ध' म्हटले. या नावात बंड नाही आणि गुलामही नाही. दक्षिणेच्या शाळांतून ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालले.

वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने दोन्ही बाजूंचे कागद छापावयास घेतले. १८८० ते १९०१ या काळात १२८ पुस्तके निघाली. कव्हरावर शब्द आहे तो 'विद्रोहाचे युद्ध'. पण आत संपादकांनी दक्षिणेच्या सेनापतींचे अहवाल त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या हुद्द्यांसकट, एकही पदवी न कापता छापले आहेत. फोर्ट पिलोचे पान उघडले तर फॉरेस्ट यांचा अहवाल आहे आणि जवळच किल्ल्यातून वाचलेल्या उत्तरेच्या अधिकाऱ्याचाही. दोन्ही एकाच टायपात, एकाच मापाच्या समासात आहेत. कृष्णवर्णी शिपायांपैकी जे वाचले त्यांच्या जबान्या पाहावयाच्या तर दुसरीकडेही वळावे लागते. त्यासाठी काँग्रेसच्या समितीचा तो जुना, अतिशयोक्तीने डागाळलेला अहवालही काढावा लागतो.